मोटेच्या चाकाचा सा

गहिनीनाथ मास्तर आम्हाला गायन शिकवायचे, पण स्वतः कधी गात नसत. हे सांगितलं की समोरचा हटकून हसतो. हसणाऱ्यांशी वाद घालण्याचं माझं वय राहिलेलं नाही, तरी मी घालतो. माजलगावच्या त्या पत्र्याच्या शाळेत मी जे काही शिकलो त्यातलं बहुतेक सगळं विसरलो. खुशखताच्या तासाचं वळणदार अक्षर विसरलो, बादशहांच्या नावांची माळ विसरलो. मास्तरांनी कानात घातलेलं तेवढं अजून जागच्या जागी आहे, आणि ज्याला ते हसण्यासारखं वाटतं त्याने माझ्या ओसरीवर चहा प्यायला येऊ नये.

फसली तेराशे पस्तीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंचवीस-सव्वीसच्या आसपासचं साल असेल. राज्य निजामाचं. गावातल्या चार जाणत्या माणसांनी खटपट करून सरकारची परवानगी काढली आणि सिंदफणेच्या अंगाला, धोंडीराम आप्पांच्या मळ्याला लागून शाळा उभी केली. प्राथमिकच्या पुढचे वर्ग होते. हेडमास्तर मोहनराव मोठे हौशी. इतर शाळांत नसलेलं काहीतरी आपल्या शाळेत असावं, म्हणून त्यांनी विषयांमध्ये गायन घातलं. पण हौसेला गळा नव्हता आणि शाळेला वाद्य नव्हतं. कुणीतरी एक पेटी दान दिली होती, तिचा भाता उंदरांनी वर्षाच्या आत खाल्ला. उरलेल्या पेटीवर मोहनराव आपला फेटा ठेवायचे.

अशा शाळेत चकलांब्याच्या गुरवाच्या घरचे गहिनीनाथ मास्तर आले. उंच, किडकिडीत, डोक्याला काळी टोपी, आणि बोलणं इतकं हळू की शेवटच्या रांगेतल्या पोरांना पुढे सरकून बसावं लागे. देवळाची पूजा, सनई, पखवाज हे सगळं त्यांच्या घरातलं. पुढे हैदराबादेत एका उस्तादांच्या घरी पाणी भरून ते संगीताचं शास्त्र शिकले होते. पण गा म्हटलं की मान हलवायचे. कुणी म्हणे, त्यांनी देवीला गळा वाहिला आहे. कुणी म्हणे, मुंजा गळ्यात बसला आहे. मुंजाची गोष्ट आम्हाला जास्त आवडायची, म्हणून आम्ही ती धरून चाललो.

आता गायचं तर आधी सा हवा. सगळ्यांनी एकाच जागेवरून निघायला हवं, नाहीतर पंचवीस पोरं पंचवीस वाटांनी जातात. पेटी मेलेली, तंबोरा नाही, मास्तर गात नाहीत. मास्तरांनी आठवडाभर वर्गात नुसते कान टवकारले. मग एक दिवस मळ्याकडची खिडकी उघडली आणि म्हणाले, "ऐका."

बाहेर आप्पांची मोट चालू होती. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की विहिरीवरचं चाक कुरकुरायचं. लांब, एकसारखा, नाकातून काढल्यासारखा सूर. मोट थारोळ्याच्या कुंडात रिकामी झाली आणि बैल मागे सरकू लागले की चाक दुसराच काहीतरी आवाज काढायचं, त्याला शास्त्रात नाव नव्हतं. पण बैल उतरतानाचा तो सूर रोज तोच, सकाळीही तोच आणि दुपारीही तोच.

"ह्यो आपला सा," मास्तर म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते मळ्यात गेले. मी आणि माझ्या वर्गातला बद्रीनाथ पेरूच्या आशेने मागोमाग गेलो होतो, म्हणून पुढचं बोलणं मला तोंडपाठ आहे.

"आप्पा, तुमच्या चाकाला तेल घालत जाऊ नका."

"कावून?"

"त्यात आमचा सा हाय."

आप्पांनी सा म्हणजे काय ते विचारलं नाही. शाळेचं काहीतरी आपल्या चाकात राहिलं आहे आणि ते जपायचं आहे, एवढं त्यांना पुरलं. "बरं," म्हणाले आणि त्यांनी आम्हाला पेरू दिले. तेव्हापासून त्या चाकाला तेलाचा थेंब लागला नाही. येणारे-जाणारे आप्पांची टर उडवायचे, वंगणाला महाग झालास का बे, म्हणून विचारायचे. आप्पा गंभीरपणे सांगायचे, "शाळेचा माल हाय त्यात."

आप्पांच्या कारभारणीला, बायनाबाईंना, मात्र हे मुळीच पटलं नव्हतं. कोरडं चाक जड फिरतं आणि त्याचा सगळा ताण बैलांच्या खांद्यावर येतो. त्या रोज संध्याकाळी बैलांच्या मानेला हळद-तेल चोळायच्या आणि शाळेकडे तोंड करून म्हणायच्या, "पोरं गातेत अन् बैलं रडतेत." मास्तर खिडकीत असले तर मान खाली घालायचे. त्यांना हे लागायचं. पण दुसरा इलाज नव्हता.

मास्तरांचं शिकवणं मोठं गमतीचं होतं. शास्त्र म्हणजे त्यांनी आम्हाला गावच समजावून दिलं. सात सूर म्हणजे एका आळीतली सात घरं. "सा अन् प हे पाटील अन् देशमुख. हे जागचे हलत न्हाईत. बाकीचे पाच जण गरजेपरमानं मागं-पुढं सरकतेत." कोमल, तीव्र ही नावं आम्हाला नंतर कळली. आधी कळलं ते हे, की कुणी सरकायचं आणि कुणी सरकायचं नाही.

चाल बांधायला ते कविता देत नसत. साधं बोलणं द्यायचे. "आई, भाकर दे" ह्याला चाल लावा. मग "आई, भाकर दे, लई भूक लागली" ह्याला लावा. आमच्या वर्गातला एकेक जण भाकर मागायचा आणि मास्तर डोळे मिटून ऐकायचे. "ह्याला भूक न्हाई," म्हणायचे. किंवा, "ह्यो मागत न्हाई, हुकूम सोडतोय." ज्याच्या चालीतून त्यांना खरी भूक ऐकू येई त्याला ते आपल्या डब्यातली अर्धी भाकरी देत. ही भाकरी बहुतेक वेळा बद्रीनाथ खायचा.

बद्रीनाथचा गळा देवाने फुरसतीत बनवला होता. मास्तरांना गाऊन दाखवता येत नसे, म्हणून ते त्याला नुसतं बोलून सुरावर नेत. "वर. अजून वर. लई झालं, थोडं खाली. तिथं. तिथंच बस." बद्रीनाथ तिथे बसायचा, आणि आम्ही सगळे त्याच्या मागे जाऊन बसायचो. चाकाने सा द्यायचा, बद्रीनाथने तो उचलायचा, आम्ही त्याचं धरून चालायचं. सगळ्यात पुढे बैल आणि सगळ्यात मागे मी, अशी आमची शाळा मजेत चालली होती.

मग बीडहून मोहतमीमसाहेब आले. मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारा अधिकारी. शेरवानी, चष्मा, तोंडात पान. गायनाचा तास पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गायन हा विषय असेल तर तो विषयासारखा हवा, असं त्यांनी मोहनरावांना सुनावलं. पोरांना शास्त्र यायला हवं, गाता यायला हवं, नवी चाल बांधता यायला हवी. नाहीतर हा तास खुशखताला द्या. महिन्याभराने परत येऊन बघतो, म्हणाले, आणि पानाची पिंक खिडकीबाहेर टाकून गेले.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. मोहनराव म्हणाले, तास गेला तरी तुम्हाला ठेवून घेऊ, हिशेब शिकवा. मास्तर म्हणाले, "माजं काय, घरी देवळाची पूजा हाय. पण ह्या पोरांचे कान आता कुठं उघडलेत. ते पुन्हा मिटतील." मास्तर असं मोठं बोलत नसत. बोलले, तेव्हा आम्हालाही कळलं की आपलं काहीतरी जायला निघालं आहे. खुशखतासाठी पंचवीस पोरांनी कधी इतकं वाईट वाटून घेतलं नसतं.

आम्ही झटून तयारीला लागलो. आणि मोहतमीम यायला थोडे दिवस उरले असताना बद्रीनाथचा आवाज फुटला. गाता गाता मध्येच बोकड ओरडल्यासारखं झालं. वर्ग हसला, बद्रीनाथही हसला. मास्तर मात्र उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या तोंडावर हलकेच हात ठेवला आणि म्हणाले, "बास. आता वरीसभर गायचं न्हाई."

मोहनरावांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी मास्तरांना विनवलं, रागावून पाहिलं, पुन्हा विनवलं. "तपासणीच्या एका दिवसापुरता गाऊ द्या त्याला. मग खुशाल वर्षभर मुका ठेवा."

"एका दिवसाचंच सांगितलं व्हतं मला बी," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी पहिल्यांदा आमच्यासमोर ते सांगितलं. लहानपणी त्यांचा गळा बद्रीनाथपेक्षा चढ होता. आसपासच्या गावांतून माणसं ऐकायला यायची. चकलांब्याच्या जत्रेत नेमका आवाज फुटायला लागला होता, पण माणसं जमली होती. वडील म्हणाले, आजच्या दिवस गा, उद्यापासून तोंड उघडू नको. ते दिवसभर ताणून गायले. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं तर आत काही नव्हतं. पुढे आवाज आला तो फाटलेला. "वडलानं मुद्दाम न्हाई केलं. लोकं बसली व्हती," ते म्हणाले, आणि टोपी नीट केली. "तास गेला तर जाऊ द्या. ह्याचा गळा जाऊ देणार न्हाई."

मुंजाची गोष्ट त्या दिवशी आमच्याकडून सुटली. मला मास्तरांचा तेव्हा फार राग आला आणि फार माया आली. दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

बद्रीनाथच्या जागी मला उभं करायचं ठरलं. माझा गळा म्हणजे वाईट नव्हता, इतकंच. मला कुणीतरी सा दिला की मी तो धरून ठेवायचो, पण स्वतःहून मला तो सापडत नसे. मास्तर म्हणाले, "चाक हाय की. भिऊ नको."

तपासणीचा दिवस उजाडला. शाळा सारवली, पताका लावल्या, मोहतमीमसाहेबांसाठी तहसील कचेरीतून खुर्ची आणली. साहेब आले, बसले, तोंडात ताजं पान होतं. मास्तरांनी खिडकी उघडली आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी उभा राहिलो. बाहेर आप्पांनी बैल धावेवर घातले. बैल उतरले, मोट वर आली, पाणी धो धो थारोळ्यात पडलं, पाटाने वाहू लागलं. चाकाने हूं की चूं केलं नाही.

मी खिडकीकडे पाहत राहिलो. बैल मागे सरकले आणि पुन्हा उतरले. चाक तुपासारखं फिरत होतं.

खिडकीतून आप्पा दिसले. फेटा नवा बांधलेला, चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचा आनंद. त्यांनी मास्तरांकडे पाहून हसून मान हलवली. मोठा साहेब येणार, त्याच्या कानाशी ही कुरकुर नको, शाळेची नाचक्की नको, म्हणून बिचाऱ्यांनी पहाटे उठून चाकाला पोटभर एरंडेल पाजलं होतं. दोन वर्षं शाळेसाठी तेल घातलं नाही आणि त्या दिवशी शाळेसाठीच घातलं. त्यांना काय बोलणार?

साहेब म्हणाले, "शुरू करो."

मी डोळे मिटून सुरुवात केली. इतक्या वर लागलो की दुसऱ्याच ओळीत गळा संपला. वर्ग चार दिशांना पांगला. साहेबांनी हात वर केला. मी पुन्हा सुरुवात केली, तर ह्या वेळी इतका खाली, की माझं मलाच ऐकू येईना. मागे कुणीतरी खुदकन हसलं. बद्रीनाथ माझ्या शेजारी बसला होता, त्याने तोंड उघडलं. मास्तरांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याने ते मिटलं. मोहनराव पेटीवरच्या फेट्याकडे बघत होते. साहेबांनी मोठा सुस्कारा टाकला. तास गेला, हे सगळ्यांना कळलं होतं.

तेव्हा खोलीत एक आवाज आला. मला आधी वाटलं, चाकच बोललं. तसाच कोरडा होता, तसाच कडेला खरखरीत. पण तो खिडकीतून आला नव्हता. गहिनीनाथ मास्तर भिंतीला पाठ लावून उभे होते, डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि ते सा म्हणत होते. दोनदा तो मध्येच फाटला. दोनदा त्यांनी तो त्याच जागी पुन्हा धरला. सूर जागचा तसूभर हलला नाही.

मी तो सा उचलला. माझ्या मागे वर्गाने उचलला. मग आम्ही गायलो ते काही फार मोठं गाणं नव्हतं, पण पंचवीस पोरं एका वाटेने गेली. मास्तर ते संपेपर्यंत खाली सा धरून होते. आमच्यातल्या कुणालाही त्यांच्याकडे बघायचा धीर होईना, आणि न बघताही राहवेना.

पुढचं सोपं गेलं. साहेबांनी शास्त्र विचारलं, कोणते सूर अचल असतात? एक पोरगं ताडकन उभं राहून म्हणालं, "पाटील अन् देशमुख." मोहनराव घामाघूम झाले. साहेबांनी अर्थ विचारला, तो ऐकला आणि चष्मा काढून हसले. मग नव्या चालीची पाळी आली. साहेबांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि छडीने भिंतीवरची पाटी दाखवली. तिथे लिहिलं होतं, मदरसे में थूकना मना है. "इसको गाओ."

बद्रीनाथला गायची बंदी होती, चाल बांधायची नव्हती. तो माझ्या कानाशी सूर सांगत गेला आणि मी गात गेलो. "मना है" वर त्याने असं ठाम उतरवून साच्या जागी आणून बसवलं होतं की खरंच कुणाची थुंकायची छाती होऊ नये. वर्ग मागोमाग म्हणू लागला. साहेबांच्या तोंडात पान होतं आणि पिंक टाकायची वेळ झाली होती. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. आम्ही तेवढ्यात पुन्हा "मना है" म्हणालो. त्यांनी ते पान मुकाट्याने गिळलं.

जाताना ते मास्तरांसमोर थांबले. "ये आवाज़ इतने दिन कहाँ छुपा रखी थी?"

"चाक के पीछे, साब," मास्तर म्हणाले. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. पण तास राहिला.

मास्तर पुढे बरीच वर्षं त्या शाळेत होते. निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते चकलांब्याला परतले होते आणि देवळात पूजा करत होते. बद्रीनाथने खरोखरच वर्षभर गाणं तोंडातून काढलं नाही. पुढे त्याचा जो गळा लागला तो मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. तो गावोगाव भजनाला जायचा आणि सुरुवातीला खाली मान घालून क्षणभर थांबायचा. लोकांना वाटे, देवाचं नाव घेतो आहे. मला ठाऊक होतं, तो कुणाचा सा आठवतो आहे ते. मास्तर गेले तेव्हा आम्ही दोघे चकलांब्याला गेलो होतो. त्याबद्दल मी लिहिणार नाही, मला ते जमणार नाही.

मला सांगायची आहे ती तपासणीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. आप्पांना आपण काय करून बसलो ते कुणीतरी सांगितलं होतं. उजाडायच्या आत त्यांनी चाक आणि त्याचा कणा उतरवला, राखेने घासघासून सगळं एरंडेल काढलं, वर वाळू चोळली, आणि चाक परत चढवलं. तास सुरू व्हायच्या वेळी ते आसूड धरून तयार उभे होते. आम्ही आत बसलो. बैल उतरले आणि चाक कुरकुरलं. परवापर्यंतचा तो सूर नव्हता, जरासा चढा होता, पण सूर होता. आप्पांनी आशेने खिडकीकडे पाहिलं.

मास्तर उठले. आम्हाला वाटलं, ते मान डोलावतील. त्यांनी हात पुढे केला आणि खिडकी हळूच लावून घेतली. मग आमच्याकडे तोंड करून, घसा खाकरून, आपल्या फाटक्या आवाजात त्यांनी सा दिला. आम्ही तो घेतला.

बाहेर चाक थांबलं. मग बायनाबाईंचं बोलणं ऐकू आलं. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"आवो, त्यांचं त्यांना घावलं. आता तेल घाला चाकाला."